सीटबेल्ट सावकाश आत जातोय? स्प्रिंगला हात लावण्याआधी हे करा

दहा-पंधरा वर्षं झालेल्या गाडीत बेल्ट सोडला की तो खांद्यापाशी लोंबत राहतो. हाताने ढकलत आत घालावा लागतो. घाईत दार लावलं की बेल्टची धातूची जीभ दारात चेपते, रंग उडतो आणि पट्ट्याची कड कापली जाते. यावर हमखास दोन उपाय केले जातात. एक, पिलरच्या (दाराशेजारच्या उभ्या खांबाच्या) फटीत, जिथून पट्टा आत जातो तिथे, ऑइलचा स्प्रे मारायचा. दोन, रीळ उघडून स्प्रिंगला दोन वेढे जास्त द्यायचे. दोन्ही चूक आहेत आणि दुसरा तर धोक्याचा आहे.

पट्टा आत ओढणारी स्प्रिंग मुद्दामच हलकी ठेवलेली असते. ती जोरदार असती तर छातीवर सतत दाब आला असता आणि बेल्ट कुणी लावलाच नसता. युरोपीय नियमांत ही ओढ साधारण १ ते ७ न्यूटन, म्हणजे वजनात सांगायचं तर शंभर ते सातशे ग्रॅमइतकीच धरली आहे. एवढ्याशा ओढीला कडीवरचा मळाचा पातळ थरसुद्धा पुरून उरतो. म्हणून बहुतेक वेळा स्प्रिंग ठणठणीत असते आणि दोष तिच्या वाटेत असतो. कामाचा क्रमही त्यावरूनच ठरतो: आधी वरची कडी, मग पट्टा, मग ट्रिम (पिलरवरचं प्लॅस्टिकचं आवरण) आणि रिळाची बैठक. एवढ्यावर नाही भागलं तर आख्खी बेल्ट असेंब्ली बदलायची. स्प्रिंग दुरुस्त करणं या क्रमात कुठेच येत नाही.

खाली 'कडी' म्हणजे खांद्याजवळ पिलरवर बोल्टने बसवलेली, पट्टा ज्यातून वळतो ती रिंग. 'जीभ' म्हणजे बक्कलमध्ये जाणारी पट्टी. 'रीळ' म्हणजे पिलरच्या तळाशी ट्रिममागे असलेला, पट्टा गुंडाळून घेणारा रिट्रॅक्टर.

तयारी

हाताशी ठेवायचं सामान:

- तीन लिटर कोमट पाणी आणि त्यात दोन-तीन चमचे भांड्यांचं सौम्य लिक्विड. कपड्यांची पावडर नको, ती खरखरीत असते आणि विणीत अडकून राहते.
- मऊ ब्रश आणि जुना टूथब्रश.
- पाच-सहा पांढरी सुती फडकी. रंगीत फडक्याचा रंग पट्ट्याला लागतो आणि पांढऱ्यावर मळ किती निघाला तेही दिसतं.
- १०० मिली आयसोप्रोपिल अल्कोहोल. मोबाईल दुरुस्तीचं सामान विकणाऱ्यांकडे मिळतं.
- कागदांच्या गठ्ठ्याला लावतात त्या मोठ्या काळ्या क्लिपा, दोन.
- बुटाची चपटी लेस, एक.
- बोल्ट काढायची वेळ आली तर १४ आणि १७ मिमीचे सॉकेट, काही गाड्यांना टॉर्क्स टी-५०. ट्रिम उचकटायला प्लॅस्टिकची पट्टी. आणि टॉर्क रेंच, म्हणजे ठरावीक जोरानेच बोल्ट कसणारा पाना.

हात चालवायचं काम दोन तासांचं आहे, वाळण्याला मात्र पूर्ण दिवस धरा. कोल्हापुरात जून ते सप्टेंबर हे काम काढूच नये. रांगोळीसारखा बारीक पाऊस आठ-आठ दिवस हटत नाही, अशा हवेत धुतलेला पट्टा दोन दिवसांनीही दमट राहतो आणि तसाच आत गेला की बुरशी धरते. फेब्रुवारी ते मे हा काळ उत्तम. पावसाळ्यातच अडचण आली तर फक्त टप्पा २ करा, त्यात पाणी लागत नाही.

इशारा: डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा असेल, तर रिळात किंवा बक्कलखाली प्रिटेन्शनर, म्हणजे धडकेच्या क्षणी पट्टा झटकन आवळणारा भाग, असू शकतो. त्यात छोटा स्फोटक भाग असतो. रिळाकडे जाणारी पिवळ्या कनेक्टरची वायर दिसली की समजून घ्या. अशा गाडीत कडी पुसणं आणि पट्टा धुणं घरी करायला हरकत नाही, पण रिळाच्या बोल्टला आणि वायरिंगला हात लावायचा नाही. ते काम अधिकृत सर्व्हिस सेंटरचं. मल्टिमीटर लावून ती वायर 'चेक' करण्याचा उद्योग तर अजिबात नको.

टप्पा १: दोष कुठे आहे ते शोधा

ही पाच मिनिटं वाचवायला जाल तर निम्मं काम उगाच होईल. गाडी सपाट जागी उभी करा. चढावर किंवा एक चाक फुटपाथवर असेल तर रिळातलं लॉक आधीच गुंतलेलं असू शकतं आणि सगळ्या चाचण्या फसतात.

१. पट्टा सावकाश, थांबेपर्यंत बाहेर काढा आणि हाताने आधार देत आत जाऊ द्या. कुठे अडतो ते बघा. सगळीकडे सारखाच मंद असेल तर कडीवर मळ आहे. ठरावीक जागी अडत असेल तर तिथे पट्टा पिळलेला, चिकट किंवा कडेने उसवलेला असणार.

२. आता कडी आणि पिलरच्या फटीमधला पट्टा चिमटीत धरा, कडीच्या बाजूने थोडा ढिला करून घ्या आणि तो ढिला भाग फटीकडे सोडा. झटकन आत गेला तर रीळ चांगलं आहे, दोष कडीचा. फटीतूनही रडतखडत गेला तर ट्रिम, रिळाची बैठक किंवा रीळ यांपैकी कुणीतरी दोषी.

३. पट्ट्याला एकदम हिसका द्या. लॉक झालाच पाहिजे.

हिसक्याला लॉक होत नसेल तर साफसफाईचा प्रश्नच उरत नाही. थेट टप्पा ६ वाचा आणि तोवर त्या सीटवर कुणाला बसवू नका.

पट्टा पूर्ण बाहेर काढल्यावर रिळाजवळचा शेवटचा मीटरभर भाग नीट बघा. हा भाग एरवी कधी बाहेर येत नाही, त्यामुळे गाडीचा खरा इतिहास तिथे दिसतो. त्यावर मातकट पट्टे किंवा सुकलेला गाळ असेल, तर गाडी पाण्यात उभी राहिलेली आहे. २०१९ आणि २०२१ च्या पंचगंगेच्या पुरात बुडालेल्या अनेक गाड्या धुऊनपुसून पुन्हा विक्रीला आल्या. रीळ पिलरच्या तळाशी असतं, सीटच्या उंचीपर्यंत पाणी आलं की ते बुडालंच. आतला गाळ घरी निघत नाही. अशा गाडीत धुण्यात वेळ घालवू नका, युनिट बदला.

टप्पा २: कडी साफ करा

निम्म्याहून जास्त तक्रारी इथेच मिटतात, म्हणून हा टप्पा नीट मन लावून करा. केसांचं तेल, मानेचा घाम, पावडर आणि पन्हाळा-राधानगरीकडची तांबडी धूळ यांचं कडीच्या आतल्या बाजूला, पट्टा जिथे घासतो तिथे, मेणासारखं काळपट लुकण तयार होतं. बाहेरून कडी चकचकीत दिसते. बोट आत फिरवलं की कळतं.

१. पट्टा हातभर जास्त बाहेर काढा आणि पिलरच्या फटीपाशी क्लिप लावा. त्यामुळे कडीतला पट्टा सैल होतो आणि बाजूला सरकवता येतो.

२. फडक्याच्या कोपऱ्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या. बाटली कडीवर ओतू नका. आतली वक्र बाजू पुसा, फडक्याची जागा बदलत राहा.

३. बोट जात नाही तिथे बुटाची लेस अल्कोहोलमध्ये भिजवून कडीतून ओवा आणि दोन्ही टोकं धरून पुढेमागे घासा. कडीचे दोन्ही कोपरे यानेच निघतात आणि खरा मळ कोपऱ्यांतच बसलेला असतो.

४. पांढरं फडकं स्वच्छ निघेपर्यंत थांबायचं नाही. शेवटी कोरड्या फडक्याने पुसा.

५. जिभेतली खाचही अशीच साफ करा. ती सगळे विसरतात.

लुकण फार जुनं असेल तर ते खरवडायला स्क्रू ड्रायव्हर किंवा ब्लेड घेऊ नका. कडीवर एक चरा पडला की तो पुढे रोज पट्ट्याचे धागे कापत राहतो. अल्कोहोलचं ओलं फडकं दहा मिनिटं आत कोंबून ठेवा, मग लेसने काढा. अल्कोहोल फक्त कडी आणि जिभेसाठी आहे, पट्ट्यासाठी नाही. पेट्रोल, थिनर, रॉकेल यांतलं काहीही कडीवरसुद्धा नको, कारण बऱ्याच कड्यांवर प्लॅस्टिकचा थर असतो.

तपासणी: क्लिप काढा आणि पट्टा तीनदा आतबाहेर करा. फरक पडला आणि पट्टा दिसायला स्वच्छ असेल, तर काम इथेच थांबवा. उगाच पुढचं उघडू नका.

कडीवर घसरट व्हावं म्हणून सेलोटेप किंवा पॅकिंग टेप चिकटवलेली बऱ्याच गाड्यांत दिसते. चार दिवस छान चालतं. मग टेपची कड उचलली जाते, गोंद पट्ट्याला लागतो आणि दुखणं दुप्पट होतं. अशी टेप असेल तर काढून गोंद अल्कोहोलने पुसून घ्या.

टप्पा ३: पट्टा धुवा

पट्टा पॉलिएस्टरच्या धाग्यांचा विणलेला असतो. मळाने तो कडक होतो, आणि कडक पट्टा रिळावर घट्ट न बसता फुगून बसतो. मग शेवटची वीतभर लांबी बाहेरच राहते. आपल्या बेल्टचं असंच होत असेल तर कारण हेच.

१. पट्टा पूर्ण बाहेर काढा, किंचित मागे सोडा आणि फटीपाशी दोन्ही क्लिपा लावा. एक क्लिप निसटली तर ओला पट्टा सरळ आत जातो, म्हणून दोन. सीटवर आणि पिलरच्या तळाशी प्लॅस्टिक अंथरा.

२. बादली गाडीबाहेर, दाराशी ठेवा आणि पट्ट्याचं मधलं वेटोळं तिच्यात दहा-पंधरा मिनिटं बुडवा. रिळाजवळचा भाग बुडवू नका, तो नुसत्या ओल्या फडक्याने पुसा. पाणी पट्ट्यातून वातीसारखं वर चढतं आणि रिळात उतरतं.

३. सपाट फळीवर ठेवून मऊ ब्रश लांबीच्या दिशेनेच फिरवा. आडवं घासलं तर कडेचे धागे उसवतात.

४. स्वच्छ पाण्याने साबण पूर्ण काढा. निदान दोनदा पाणी बदला. साबण उरला तर तो वाळून पुन्हा चिकट होतो आणि सगळी मेहनत पाण्यात.

५. पिळू नका. कोरड्या फडक्यात धरून वरून खाली दाबत न्या.

ब्लीच, ॲसिडवाले क्लीनर, डाग काढायची रसायनं आणि कपडे रंगवायचे रंग यांतलं काहीही वापरू नका. धागा वरून ठीक दिसतो आणि ऐन झटक्याला दगा देतो. वॉशिंग सेंटरचा प्रेशर पंपही नको. पिलरच्या फटीत मारलेलं पाणी थेट रिळात जातं.

सिलिकॉन स्प्रेबद्दल मतभेद आहेत. फवारला की पट्टा लगेच पळतो हे खरं. पण मळ तसाच खाली राहतो, वर नवी धूळ बसते, आणि स्प्रे फटीतून रिळात किंवा बक्कलमध्ये गेला तर तो काढता येत नाही. धुतलेल्या पट्ट्याला त्याची गरज पडत नाही, न धुतलेल्याला मारण्यात अर्थ नाही. गंज सोडवायचे स्प्रे आणि इंजिन ऑइल तर पट्ट्याच्या जवळही नकोत.

टप्पा ४: वाळवा

क्लिपा तशाच ठेवून पट्टा सैल लोंबत ठेवा, काचा चार बोटं उघड्या ठेवून गाडी सावलीत उभी करा. उन्हाळ्यात चोवीस तास पुरतात. जिभेखाली आणि कडीत पाणी साठून राहतं, म्हणून दोन-तीन तासांनी जीभ वरखाली सरकवा. कडक उन्हात टांगणं, हेअर ड्रायर, हीटर हे सगळं टाळा.

तपासणी: कोरडा टिश्यू पेपर पट्ट्यावर दाबून धरा. जरासा जरी ओलसर झाला तरी अजून थांबा.

टप्पा ५: पीळ, ट्रिम आणि रिळाची बैठक

आधी पीळ बघा. कडीत पट्टा दुमडून दोरीसारखा झाला असेल तर खालचा बोल्ट न काढताही तो सुटतो. कडीच्या खाली पट्टा तिरका दुमडा, दुमडलेला भाग कडीतून पलीकडे ओढा आणि उलगडा. तळाच्या बोल्टपाशीच पीळ असेल तर मात्र तो बोल्ट काढावाच लागतो.

नंतर ट्रिम. पिलरच्या फटीतलं प्लॅस्टिक उन्हाने वाकडं झालेलं असतं, किंवा सीट कव्हर बसवताना कुणीतरी ट्रिम अर्धवट लावलेली असते. फटीच्या दोन्ही कडांना पट्ट्याचे घासलेले, चकाकणारे माग दिसले तर अडथळा तिथेच आहे. ट्रिमच्या क्लिपा थंडीत तडकतात, सकाळी सात वाजता ओढाताण करू नका. दुपारी प्लॅस्टिक तापलेलं असताना त्या सहज सुटतात.

ट्रिम निघाली की रीळ दिसेल. खाली एक मोठा बोल्ट, वर एक छोटा स्क्रू किंवा पिलरच्या भोकात बसणारी जीभ, अशी बहुधा रचना असते. मोठा बोल्ट ढिला आहे का, रीळ तिरकं बसलंय का ते तपासा. आत एक लोलक किंवा गोळी असते, गाडी झुकली की ती पट्टा अडवते. युरोपीय नियमाप्रमाणे १२ अंशांपर्यंतच्या झुकावाला लॉक लागता कामा नये आणि २७ अंशांच्या वर ते लागलंच पाहिजे. म्हणजे रीळ थोडं जरी वाकडं कसलं तरी बेल्ट करूळ घाटात सारखा अडकणार. सुटं काढलेलं रीळ हातात आडवं धरून पट्टा ओढला तर तो लॉक होतो, त्यावरून 'जाम झालं' असं ठरवू नका. उभं, गाडीत जसं बसतं तसं धरूनच तपासा.

बोल्ट काढताना आणि लावताना:

- काढण्याआधी फोटो घ्या. कडीच्या बोल्टवर वॉशर, स्पेसर, कधी लाटदार वॉशर असतो, त्यांचा क्रम महत्त्वाचा. क्रम चुकला तर बोल्ट कसल्यावर कडीच आवळली जाते, फिरत नाही, आणि पट्टा आधीपेक्षा मंद होतो. ही चूक फार होते.
- हे बोल्ट शेवटपर्यंत कडक फिरतात. बरेचदा त्यावर कारखान्यातच चिकट लेप दिलेला असतो, गंज नव्हे. खरंच गंजलेला असेल तर गंज सोडवायचा स्प्रे फक्त बोल्टला लावा, पट्टा आधी प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून.
- परत लावताना पहिले चार-पाच आटे हातानेच. आडवा आटा बसला तर पिलरमधला नट खराब होतो, आणि ते काम वेल्डिंगवर जातं.
- साध्या बाजारी बोल्टने भागवू नका. मूळ बोल्ट जास्त ताकदीचा असतो आणि बहुतेक गाड्यांत आटेही वेगळे, बारीक असतात.
- छोट्या गाड्यांत हे बोल्ट साधारण ३० ते ४५ न्यूटन-मीटरला कसतात, पण आपल्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधला आकडा तोच खरा. टॉर्क रेंच नसेल तर कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात गाडी न्या, तिथे तो मिळायला दोन दुकानंही फिरावी लागणार नाहीत.

ट्रिम उघडीच आहे तर तळाचा पत्रा स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने टोचून बघा. जुन्या गाड्यांत पायरीचा पत्रा आतून सडतो. टोक आत गेलं तर आधी बॉडीचं काम, मग बेल्ट.

रीळ कुठेही बसवताना त्याचं गोल प्लॅस्टिकचं झाकण उघडू नका. आत घड्याळासारखी गुंडाळलेली पोलादी पट्टी असते. ती एकदम उसळून हात किंवा डोळा फाडू शकते, आणि पुन्हा नेमक्या ताणाने गुंडाळणं घरी जमत नाही. दोन वेढे जास्त दिले की पट्टा पूर्ण बाहेर यायच्या आधीच स्प्रिंग संपते, आणि जाड माणसाला बेल्ट पुरत नाही.

टप्पा ६: कधी बदलायचं

खालीलपैकी एकही दिसलं तर साफसफाई थांबवा:

- हिसक्याला लॉक होत नाही, किंवा सपाट जागी उभ्या गाडीत सतत लॉक राहतो.
- कडेचे धागे तुटलेत, पट्टा लाटांसारखा ताणलाय, किंवा कडीच्या जागी वितळल्यासारखा चकाकतोय. यातली शेवटची दोन अपघाताचा झटका बसल्याची लक्षणं आहेत.
- प्रिटेन्शनर एकदा उडालेला आहे.
- पुराचा गाळ.
- कडी आणि ट्रिम स्वच्छ असूनही फटीपाशी ओढ जाणवतच नाही. स्प्रिंग खरंच थकली किंवा तुटली ती फक्त इथे.

नवीन असेंब्ली घेताना चासी नंबर दाखवून, डावी-उजवी सांगून घ्या. आतल्या गोळीचा कोन पिलरच्या कलाप्रमाणे ठरवलेला असतो, म्हणून दुसऱ्या बाजूचं किंवा दुसऱ्या मॉडेलचं रीळ बोल्टला बसलं तरी कायम अडकतं, नाहीतर अडकतच नाही. पट्ट्यावरच्या लेबलावर आयएस १५१४० (सीटबेल्टचं भारतीय मानक) किंवा वर्तुळातलं 'ई' हे युरोपीय मान्यतेचं चिन्ह शोधा. भंगारातला बेल्ट स्वस्त मिळतो, पण गाडी भंगारात बहुधा अपघातानेच आलेली असते. आणि फाटका पट्टा मोच्याकडून शिवून घेणं किंवा जुन्या रिळावर नवा पट्टा चढवणं हे दोन्ही पूर्ण वर्ज्य. त्या शिलाईवर माणसाचं वजन कित्येक पटींनी येणार असतं.

टप्पा ७: गाडी बाहेर काढण्याआधी

१. पट्टा पूर्ण बाहेर काढून सोडा. जीभ कडीजवळ येऊन थांबली पाहिजे, ढकलावी लागता कामा नये.

२. कडी बोटाने हलवा. बोल्ट कसलेला असूनही ती मोकळी फिरली पाहिजे.

३. सीट पुढे-मागे सरकवून, बेल्ट लावून बसा. पट्टा पोटावर आणि खांद्यावर सपाट, कुठेही पीळ नाही.

४. तीन वेगवेगळ्या लांबीवर हिसका देऊन लॉक तपासा.

५. रीळ काढून बसवलं असेल तर पहाटे मोकळ्या, सपाट जागेत साधारण १५ किमी वेगाने जात, मागेपुढे कुणी नाही हे बघून, जोरात ब्रेक मारा. त्या सीटवरच्या बेल्टने धरलं पाहिजे. हिसक्याने पट्ट्याचं लॉक तपासलं जातं, गाडीच्या हालचालीवर चालणारं लॉक फक्त यानेच कळतं.

६. एअरबॅगचा दिवा चावी फिरवल्यावर काही सेकंदांत विझला पाहिजे. पेटून राहिला तर गाडी थेट सर्व्हिस सेंटरला.

पट्टा सैल राहावा म्हणून बाजारात प्लॅस्टिकच्या क्लिपा मिळतात, त्या लावलेल्या असतील तर याच वेळी काढून टाका. मागच्या सीटचे बेल्टही याच क्रमाने करा. ते बहुधा वापरलेलेच नसतात, त्यामुळे मळापेक्षा त्यांत पीळ आणि सीट कव्हरखाली गाडलेली बक्कलं जास्त सापडतात. पुढच्या सीटच्या कड्या वर्षातून दोनदा, मे अखेरीस आणि दिवाळीनंतर, फडक्याने पुसल्या तर पट्टा धुवायची पाळी तीन-चार वर्षं येत नाही.